कलत्या उन्हात कालव्याकाठी : कुत्रा आणि कॅमेरा बरोबर नेणाऱ्या नवख्यांसाठी

उन्हे कलल्यावर कालव्याच्या काठाने कुत्र्याला फिरवायला न्यावे आणि बरोबर कॅमेराही घ्यावा, असे ज्यांच्या मनात आहे, पण सुरुवात कुठून करावी हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. छायाचित्रणाच्या दृष्टीने ही वेळ आणि ही जागा फार सोयीची आहे. सूर्य खाली आलेला असल्याने प्रकाश आडवा पडतो, पाणी संथ असल्याने आकाश खालीही दिसते आणि वाट सरळ असल्याने चौकटीला आपोआप खोली मिळते. अडचण एवढीच, की ज्याचे चित्र काढायचे त्या कुत्र्याला प्रकाशाशी काही देणेघेणे नसते आणि दोन पावलांवर खोल पाणी असते. म्हणून या लेखात एकच क्रम धरला आहे : आधी कुत्र्याची सुरक्षितता, मग त्याची फेरी आणि त्यानंतर चित्र. हा क्रम चित्रांसाठीही हिताचा आहे, कारण मनसोक्त हुंगून आणि चालून झालेला कुत्राच कॅमेऱ्यासमोर मोकळा दिसतो.

घरातली ओळख

पहिली पायरी घराबाहेर पडण्याच्या आधीची आहे. पुष्कळ कुत्र्यांना चेहऱ्यासमोर आलेली लेन्स आवडत नाही. काळी, गोल, रोखून पाहणारी ती वस्तू त्यांना टक लावून बघणाऱ्या डोळ्यासारखी वाटत असावी, आणि कुत्र्यांच्या आपसातल्या व्यवहारात टक लावून बघणे हे आव्हान समजले जाते. त्यामुळे कॅमेरा काही दिवस नुसता जमिनीवर ठेवावा, कुत्र्याला तो हुंगू द्यावा आणि हुंगल्यावर खाऊ द्यावा. नंतर कॅमेरा हातात घ्यावा, पण डोळ्याला लावू नये, आणि पुन्हा खाऊ द्यावा. शेवटी डोळ्याला लावून एकदाच शटर दाबावे आणि लगेच खाऊ द्यावा. शटरच्या आवाजापाठोपाठ काहीतरी चांगले मिळते हे त्याच्या मनात एकदा ठसले, की बाहेर त्याच आवाजाने तो वळून बघू लागतो.

या सरावात त्याची नापसंती ओळखायलाही शिकावे. ओठांवरून पुन्हापुन्हा जीभ फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसेल असे तिरके बघणे आणि कान मागे चिकटवणे ही अस्वस्थतेची चिन्हे आहेत. ती दिसताच कॅमेरा खाली घ्यावा. अशा वेळी काढलेले चित्र तांत्रिकदृष्ट्या कितीही चोख असले तरी त्यात कुत्र्याचा ताण दिसतो, आणि कुत्रे पाळणारा कोणीही तो क्षणात ओळखतो.

‘बस’, ‘थांब’ आणि ‘इकडे बघ’ या तीन आज्ञा घरात पक्क्या झाल्याशिवाय त्या कालव्यावर चालतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्याहून महत्त्वाची आज्ञा म्हणजे हाक मारताच परत येणे. ती कच्ची असेल तर कालव्यावर लीश, म्हणजे कुत्र्याला धरायची दोरी, एकदाही सोडू नये.

वाट आणि वेळ ठरवणे

कॅमेरा न घेता त्या वाटेने एकदा फिरून यावे, असा माझा आग्रह आहे. काठ कुठे उतरता आहे आणि कुठे उभा, पायऱ्या किंवा शिडी कुठे आहे, पाणी अडवणारे दरवाजे आणि बंधारे कुठे आहेत, सायकलस्वार कुठल्या वळणावर अचानक समोर येतात आणि गळ टाकून बसणारे लोक कुठे असतात, हे त्या फेरीत पाहून ठेवावे. पुढे सांगितलेल्या निम्म्या सूचना या एका पाहणीवर अवलंबून आहेत.

त्याच वेळी कालवा कोणत्या दिशेने वाहतो तेही नोंदवावे. कालवा पूर्व-पश्चिम असेल तर संध्याकाळचा सूर्य जवळजवळ पाण्याच्या टोकाशी उतरतो. पश्चिमेकडे चालताना कुत्र्याच्या मागे प्रकाश येतो आणि परतताना तोच प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर पडतो, म्हणजे एकाच वाटेवर दोन निराळ्या जातीची चित्रे मिळतात. कालवा उत्तर-दक्षिण असेल तर प्रकाश बाजूने येतो, पश्चिमेकडचा काठ झाडांच्या किंवा भरावाच्या सावलीत लवकर बुडतो आणि पूर्वेकडच्या काठावर उन्हे शेवटपर्यंत टिकतात. अशा कालव्यावर पूर्वेकडच्या काठाने चालणे अर्थातच फायद्याचे असते. सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो तो फक्त २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. जूनमध्ये तो पश्चिमेच्या उत्तरेला सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला. म्हणून एका महिन्यात पुलाच्या कमानीतून नेमकी येणारी तिरीप तीन महिन्यांनी तिथे सापडत नाही. सूर्याची जागा आणि वेळ दाखवणारी मोबाइल ॲप सहज मिळतात, त्यांचा उपयोग करावा.

सोनेरी प्रकाश किती वेळ टिकेल हे ठिकाणावर अवलंबून असते. सूर्य उतरत क्षितिजाच्या वर साधारण ६ अंशांपर्यंत आला, की प्रकाशाला वातावरणाचा जास्त लांबीचा थर ओलांडावा लागतो, त्यात निळा प्रकाश विखुरला जातो आणि आपल्यापर्यंत तांबूस-पिवळा भाग जास्त पोहोचतो. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तिथे हे ६ अंश सुमारे २५ मिनिटांत संपतात. ६० अंश अक्षांशावर मार्च किंवा सप्टेंबरात सूर्य तिरका घसरत जातो आणि त्याच अंतराला पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. आपल्याकडे किती वेळ आहे याचा हिशोब एकदा करून ठेवला, की शेवटच्या क्षणी धावपळ होत नाही. सर्वसाधारणपणे सूर्यास्ताच्या सव्वा ते दीड तास आधी निघावे. त्यातला पहिला भाग कुत्र्याचा असतो.

उष्ण दिवसांत मात्र वेळ ठरवताना घड्याळाकडे पाहून भागत नाही. हवा निवली तरी डांबर, काँक्रीट आणि फरशी दिवसभराची उष्णता धरून असतात. हाताची मागची बाजू जमिनीवर टेकवावी. ती पाच ते सात सेकंद सुखाने ठेवता आली नाही, तर त्या वाटेवर कुत्र्याचे तळवे भाजतील. कुत्रा शरीरातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो, आणि आखूड नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. लांब बाहेर आलेली, टोकाशी रुंद झालेली जीभ, घट्ट लाळ आणि अडखळती चाल दिसली तर फेरी तिथेच थांबवावी, त्याला सावलीत न्यावे, थोडे थोडे पाणी पाजावे, अंग साध्या पाण्याने भिजवावे आणि पशुवैद्यांना फोन करावा.

लीश, हार्नेस आणि पिशवी

एका हातात कुत्रा आणि दुसऱ्या हातात कॅमेरा ही कसरत सोपी वाटते, पण नवख्यांची पहिली फजिती इथेच होते. गळपट्ट्याऐवजी पाठीवर धरायला मूठ असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरावा. चित्रात तो काहीसा जागा अडवतो हे खरे, पण कुत्रा पाण्यात पडला तर त्याला वर उचलण्याचा तोच एक भरवशाचा आधार असतो. लीश दीड ते दोन मीटरची, न ताणणारी असावी. बटण दाबून लांब-आखूड होणारी लीश काठावर वापरू नये. तिची बारीक दोरी हाताला कापते, आणि कुत्रा वेगात निघाला असताना तिला ब्रेक लावला तर हिसका बसतो. अंतर हवे असेल तर ५ ते १० मीटरची साधी लांब दोरी हार्नेसला बांधावी, गळपट्ट्याला कधीही बांधू नये.

कॅमेरा खांद्यावरून तिरक्या जाणाऱ्या पट्ट्याने कमरेशी टेकेल असा लटकवावा. गळ्यात लटकवलेला कॅमेरा आपण वाकलो की झुलतो आणि कुत्र्याच्या डोक्यावर आदळतो. लीश मनगटाभोवती गुंडाळू नये, पंजात धरावी. कमरेला बांधायची लीश हात मोकळे ठेवते, म्हणून ती छायाचित्रणासाठी सुचवली जाते. पण मोठा, जोरकस कुत्रा बदकामागे झेपावला तर तोल जाऊन आपणच पाण्याच्या दिशेने ओढले जाऊ शकतो. त्यामुळे उभ्या काठाच्या टप्प्यात ती टाळावी. लीश ट्रायपॉडला किंवा कॅमेऱ्याच्या पिशवीला बांधून ठेवणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

पिशवीत पिण्याचे पाणी आणि घडीचे भांडे, छोट्या तुकड्यांत केलेला खाऊ, विष्ठा उचलण्याच्या पिशव्या, जुना टॉवेल, लेन्स पुसायचे मऊ कापड, जादा बॅटरी आणि पट्टीची विजेरी एवढे पुरे. लेन्स एकच न्यावी. धुळीत आणि एका हाताने लेन्स बदलण्याचा प्रसंगच येऊ देऊ नये.

पाण्याचा काठ

कालवा नदीपेक्षा निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. नदीचा काठ बहुतेक ठिकाणी उतरता असतो. कालव्याचा काठ बांधलेला, उभा आणि पाण्याच्या रेषेपाशी शेवाळाने निसरडा झालेला असतो. पोहता येणारा कुत्रासुद्धा अशा भिंतीवर पंजे रोवू शकत नाही. तो त्याच जागी पंजे मारत राहतो आणि दमतो. पाण्यावर हिरव्या टिकलीचा, म्हणजे डकवीडचा, सलग थर आलेला असेल तर तो कुत्र्याला हिरवळीसारखा दिसतो, आणि पळता पळता तो थेट त्यावर पाऊल टाकतो. दरवाज्यांजवळ आणि बंधाऱ्यांजवळ पाणी वरून शांत दिसते, पण खाली ओढ असते. तिथे लीश आखूड धरून, न थांबता पुढे जावे. तिथले दृश्य कितीही मोहक असले तरी कुत्र्याला कठड्यावर बसवून चित्र काढू नये.

कुत्रा पाण्यात पडलाच तर त्याच्यामागे उडी मारू नये. हा नियम वाचताना सोपा आणि त्या क्षणी अत्यंत अवघड असतो, पण कुत्र्याला वाचवायला गेलेली माणसे बुडतात आणि कुत्रा पुढे कुठेतरी स्वतःच बाहेर येतो, असे घडत आले आहे. काठावर पालथे झोपावे, शक्य झाल्यास हार्नेसची मूठ धरून वर ओढावे, आणि ते जमत नसेल तर काठाने चालत, शांत आवाजात हाका मारत त्याला आधी पाहून ठेवलेल्या पायऱ्यांकडे किंवा उताराकडे न्यावे. लांब दोरी बांधलेली असेल तर तिनेच त्याला दिशा देता येते. मदतीसाठी फोन करायला उशीर करू नये.

पाणी पिण्याचे वेगळे. संथ, उबदार पाण्यात निळसर-हिरवे शेवाळ, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, वाढते. ते पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखे किंवा काठाशी साचलेल्या सायीसारखे दिसते. त्यातले काही प्रकार विषारी असतात, ते कोणते हे डोळ्यांनी ओळखता येत नाही, त्या विषावर खास उतारा नाही आणि कुत्रा काही तासांत दगावू शकतो. अशा पाण्यात उतरलेला कुत्रा अंग चाटण्याआधीच स्वच्छ पाण्याने धुवावा आणि पशुवैद्यांकडे न्यावा. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात जाणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही असतो, आणि तो रोग माणसालाही होतो. कुत्र्यासाठी त्याची लस आहे. ती दिलेली आहे ना, हे या फेऱ्या सुरू करण्याआधी पाहावे. गळ टाकण्याच्या जागी गवतात हुक आणि नायलॉनचे तुकडे पडलेले असतात, तिथे त्याला नाक खुपसू देऊ नये.

निघाल्यावर

पहिली पंधरा-वीस मिनिटे कॅमेरा बंदच ठेवावा. कुत्रा या वेळात वाट वाचत असतो. कोण येऊन गेले, केव्हा गेले, हे त्याला नाकाने कळते, आणि ते अर्ध्यावर तोडून त्याला ‘बस’ म्हणणे अन्यायाचे आहे. आपण या वेळात प्रकाश बघावा. वाटेवरच्या गवताच्या पात्यांना मागून उजेड लागला आहे का, पुलाच्या कमानीखाली पाण्याची झळाळी नाचते आहे का, समोरच्या काठावरची झाडे उजळ आहेत की काळी, हे पाहता पाहता थांबायच्या दोन-तीन जागा मनाशी ठरवाव्यात. त्याहून जास्त जागा ठरवू नयेत. कुत्र्याचे लक्ष आणि सोनेरी प्रकाश या दोन्ही गोष्टी मोजक्या असतात.

कॅमेऱ्याची मांडणी

कॅमेऱ्यावर शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते ते, आधी ठरवावा, बाकीचे त्यामागून येते. बसलेल्या कुत्र्यासाठी १/२५० सेकंद पुरतो, कारण बसलेला कुत्राही धापा टाकत असतो आणि मान हलवतो. दुडक्या चालीसाठी १/५०० आणि धावण्यासाठी १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर लागतो. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/४ च्या आसपास ठेवावे; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे आणि धारदार येणारा भाग कमी. नवख्यांना एफ/१.८ चा मोह होतो, पण लांब तोंडाच्या कुत्र्यात नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंतचे अंतर बोटभर नसून वीतभर असते, आणि जवळून काढलेल्या चित्रात दोन्हीपैकी एकच धारदार येते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, स्वयंचलित ठेवून त्याला ३२०० किंवा ६४०० ची वरची मर्यादा घालावी. सूर्य मावळत जाईल तसा आयएसओ चढत जाईल आणि चित्रात दाणा दिसेल, पण दाणेदार चित्र बघता येते, हललेले चित्र बघवत नाही.

फोकस सतत बदलत राहणाऱ्या प्रकारावर ठेवावा. प्राण्यांचे डोळे ओळखण्याची सोय कॅमेऱ्यात असेल तर ती जरूर वापरावी. दाट केसांत लपलेल्या काळ्या डोळ्यांपाशी ती सोय चुकते, तेव्हा एकच फोकस-बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा तोल, स्वयंचलित ठेवला तर कॅमेरा त्या उन्हाचा तांबूसपणा दोष समजून पुसून टाकतो. दुपारच्या उन्हाचे वर्णतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन असते आणि मावळतीच्या उन्हाचे ३५०० च्या आसपास येते. ही उब राखायची तर व्हाइट बॅलन्स ‘सूर्यप्रकाश’ या खुणेवर ठेवावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात चित्रे घेतली तर हा निर्णय घरी येऊनही बदलता येतो.

कुत्र्याचा रंग हा एक्स्पोजरमधला, म्हणजे चित्र किती उजळ यावे यातला, सर्वांत मोठा प्रश्न आहे. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे दिसेल ते मध्यम करडे आहे असे धरून चालतो. काळ्या लॅब्राडोरने चौकट भरली तर मीटर त्याला करडा करायला बघतो, त्यामुळे केस धुरकट येतात आणि मागचे पाणी पांढरेफटक होते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या अंदाजात आपण केलेली उजेडाची दुरुस्ती, उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर न्यावे. पांढरा कुत्रा असेल तर उलट, तेवढेच अधिककडे न्यावे. पण हाच काळा कुत्रा चौकटीत लहान असेल आणि मागे चकाकते पाणी पसरलेले असेल, तर मीटर पाण्याला भुलतो आणि कुत्र्याचा नुसता काळा आकार उरतो. तेव्हा काळा कुत्रा असूनही अधिककडे जावे लागते. म्हणजे कुत्र्याच्या रंगाबरोबरच चौकटीतला मोठा भाग कशाने व्यापला आहे, हेही पाहायचे. काळ्या केसांत उजेड कसा उतरतो हे एकदा जवळून पाहावे. समोरून आलेल्या प्रकाशात ते सपाट दिसतात, बाजूच्या तिरप्या प्रकाशात मात्र मानेवरचा एकेक झुपका सुटा होतो आणि त्याच्या कडेला निळसर-तपकिरी झाक दिसते. काळ्या कुत्र्यांचे मालक चित्र नीट येत नाही म्हणून खट्टू होतात, त्यांनी बाजूचा प्रकाश धरावा.

फ्लॅश वापरू नये. कुत्र्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे किंवा पिवळे चमकतात. शिवाय मोकळ्या आकाशाचा जो छोटा शुभ्र ठिपका डोळ्यात उमटतो, त्याची सर फ्लॅशला येत नाही. तो ठिपका हवा असेल तर कुत्र्याचे तोंड आकाशाच्या मोकळ्या भागाकडे वळेल असे आपण उभे राहावे.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी लेन्स पुसून घ्यावी, डोळ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड तिथेच पक्का करावा आणि बर्स्ट, म्हणजे एका दमात अनेक चित्रे घेण्याची सोय, वापरावा. पार्श्वभूमी धूसर करणारा पोर्ट्रेट मोड कानांच्या कडेचे केस आणि मिश्या पार्श्वभूमीत विरघळवतो, म्हणून तो कुत्र्यांसाठी क्वचितच उपयोगी पडतो.

गुडघे टेकणे

उभ्याने, वरून खाली काढलेल्या चित्रात डोके मोठे, पाय आखूड आणि मागे नुसती माती येते. गुडघे टेकावेत, लहान कुत्रा असेल तर कोपरे जमिनीला लावावीत आणि लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावी. तसे केले की मागे वाट, पाणी आणि दूरवर एकत्र येणाऱ्या काठांच्या रेषा दिसू लागतात. लीश आखूड करून ती आपल्या गुडघ्याखाली दाबून ठेवावी. शेजारी कोणी सोबत आले असेल तर लीश त्याच्या हाती द्यावी. सुरुवातीच्या काळात सोबत असलेले केव्हाही बरे. लीश कुत्र्याच्या मागच्या बाजूने चौकटीबाहेर गेली तर ती नंतर सहज पुसता येते, तोंडासमोरून गेली तर येत नाही. कॅमेरा वर नेऊन गुडघे टेकण्याआधी मागे वळून वाट मोकळी असल्याची खात्री करावी. सायकलस्वाराला जमिनीशी वाकलेला माणूस दिसत नाही.

आपण पाण्याच्या आणि कुत्र्याच्या मध्ये बसावे, कुत्र्याला पाण्याच्या बाजूला बसवू नये. पार्श्वभूमीत पाणी हवे असेल तर काठापासून मागे सरून, वाटेच्या आतल्या कडेला त्याला बसवावे आणि लांब लेन्सने, म्हणजे ८५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, अंतर दाबून पाणी जवळ आणावे. सुरक्षितता आणि चित्र यांत इथे कोणतीही तडजोड होत नाही. लांब लेन्सने चेहऱ्याचे प्रमाणही जास्त चांगले येते.

सूर्य कुत्र्याच्या मागे असेल तर कानांच्या आणि पाठीच्या कडेला उजेडाची रेघ उमटते आणि पातळ कानाची पाळी आतून गुलाबी दिसते. ही रेघ ठसठशीत हवी तर मागे गडद काहीतरी असावे लागते, उदाहरणार्थ सावलीतली झाडी किंवा पुलाची कमान. मागे उजळ आकाश असेल तर रेघ हरवते. लेन्समध्ये थेट ऊन शिरत असेल तर हाताने लेन्सवर आडोसा करावा, किंवा एखाद्या खोडाआड सूर्य जाईल असे अर्धे पाऊल सरकावे.

लक्ष वेधणे

कुत्र्याचे लक्ष वेधणारा आवाज एकदाच काढावा आणि तो काढण्याआधी फोकस, चौकट, उजेड सगळे तयार असावे. पहिल्या आवाजाला कान टवकारले जातात, मान किंचित तिरपी होते, तोंड मिटते. हा क्षण सेकंदभराचा असतो. त्याच आवाजाला तिसऱ्या वेळी नुसता कान हलतो, आणि पाचव्या वेळी काहीच होत नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ किलोहर्ट्झपर्यंतचे. म्हणून मोठ्याने ओरडण्याची गरज नसते, ओठांतल्या ओठांत केलेला चुकचुक आवाज पुरतो. खेळणे दाखवायचे असेल तर ते निळे किंवा पिवळे घ्यावे. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचे दोनच प्रकार असतात, हे संशोधक जे. नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवले. त्यामुळे हिरव्या गवतातला लाल चेंडू त्याला फारसा वेगळा दिसत नाही. चेंडू पाण्याच्या दिशेने मात्र कधीही फेकू नये, फेकण्याचे खोटे हातवारेसुद्धा करू नयेत.

एका जागी पाच-सहा चित्रे झाली, की खाऊ द्यावा, ‘चल’ म्हणावे आणि पुढे निघावे. त्याने स्वतःहून काही केले, म्हणजे वाऱ्याकडे नाक केले, थांबून पलीकडच्या काठाकडे पाहिले किंवा मागे वळून आपण येतो आहोत ना याची खात्री केली, तर तेच टिपावे. माझ्या मते बसवून काढलेल्या चित्रांपेक्षा ही मागे वळून बघण्याची चित्रे जास्त खरी असतात. सरळ काठाची वाट त्यासाठी उत्तम, कारण कुत्रा कुठे वळेल याचा अंदाज आधीच येतो.

धावता कुत्रा थेट आपल्याकडे येत असेल तर फोकसची सर्वांत कठीण परीक्षा असते. आडवा पळत असेल तर काम सोपे. म्हणून आडव्यापासून सुरुवात करावी, तीही कालव्यापासून दूर, कुंपण असलेल्या मोकळ्या जागी. उतारावरून पाय भिजवून आलेला कुत्रा अंग झटकतो, तेव्हा १/१६०० सेकंदाने पाण्याचे थेंब हवेत गोठतात. मोठा कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा अंग फिरवतो. ही लाट डोक्यापासून सुरू होऊन शेपटीकडे जाते, म्हणून डोके हलू लागताच शटर दाबून धरावे. कॅमेऱ्यासह दोन मीटर मागे असणे श्रेयस्कर.

प्रतिबिंब

वारा पडला की पाणी आरसा होते, आणि हे बहुधा सूर्यास्ताच्या आसपासच घडते. कॅमेरा जितका खाली, तितके प्रतिबिंब उजळ, कारण पाण्यावर जितक्या तिरक्या कोनातून बघावे तितका जास्त प्रकाश परत फिरतो. फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर न धरता प्रतिबिंबातल्या वस्तूवर धरावा. तिचे अंतर पाण्यापर्यंतचे आणि पाण्यापासून वस्तूपर्यंतचे मिळून होते. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडे गडदच येते, ते उजळवण्याच्या नादात आकाश जाळू नये. पोलरायझर फिल्टर, म्हणजे चकाकी कमी करणारी लेन्सवरची काच, या वेळी काढून ठेवावा. पाण्याकडे सुमारे ३७ अंशांच्या कोनातून पाहताना तो चकाकी जवळजवळ पूर्ण पुसतो, पण इथे आपल्याला तीच चकाकी हवी असते, शिवाय तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो). पाण्याची रेषा तिरकी झाली तर सरळ कालव्यात ती फार खटकते, म्हणून पडद्यावर जाळीच्या रेषा चालू ठेवाव्यात.

बदके, हंस किंवा पाणकोंबड्या चौकटीत आल्या तर आनंदच आहे, पण कुत्र्याला त्यांच्या अंगावर सोडून उडत्या पक्ष्यांचे चित्र मिळवू नये. घरटी करण्याच्या काळात वेतांच्या आणि बोरूंच्या बेटांपासून लांब राहावे.

परतीची वाट आणि घरी आल्यावर

सूर्य गेल्यावर आणखी काही मिनिटे निळसर, मऊ प्रकाश असतो, आणि पांढऱ्या किंवा करड्या कुत्र्यांना तो फार शोभतो. तरीही उजेड असतानाच उभ्या काठाचा टप्पा ओलांडून झालेला असावा. अंधारात कॅमेरा पिशवीत, लीश आखूड आणि विजेरी कपाळावर, एवढेच.

घरी आल्यावर आधी कुत्र्याकडे बघावे. बोटांच्या मधल्या बेचक्या, काखा, कानांमागची जागा आणि पोट चाचपून गोचिड्या, काटे आणि कुसळे शोधावीत, पाय व पोट स्वच्छ पाण्याने धुवावे आणि कान कोरडे करावेत. त्याने पाणी पिऊन अंग टाकले, की मग कार्डावरची चित्रे संगणकावर उतरवावीत.

निवड करताना प्रत्येक चित्र डोळ्यापाशी मोठे करून बघावे. डोळा धारदार नसेल तर ते काढून टाकावे, मग बाकी काहीही असो. उरलेल्यांतून कुत्र्याचा स्वभाव ज्यात ओळखू येतो अशी चार-पाच ठेवावीत. काळ्या केसांतल्या सावल्या थोड्या उजळाव्यात, पण त्यात करडेपणा येऊ लागला की थांबावे. शेवटी प्रत्येक चांगल्या चित्रासोबत तारीख, वेळ, काठाची बाजू आणि सूर्य कुठे होता एवढे लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी याच दिवसांत त्याच जागी जाताना कोणत्या काठाने आणि किती वाजता निघायचे, हे या टिपणावरून ठरवता येते.